ओळखीचं कापड

माझे दाजी धाग्यांच्या कारखान्यात रंग जुळवायचे. म्हणजे गिऱ्हाइकाकडून कापडाचा बोटभर तुकडा यायचा आणि त्याच्याशी अगदी तंतोतंत मिळणारा दोरा कोणता, हे दाजींनी सांगायचं. ते तुकडा घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जायचे, शेजारी रीळ धरायचे आणि "हो" किंवा "नाही" म्हणायचे. मध्ये काही नसायचं. "जवळपास आहे", "चालून जाईल" असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. दुसऱ्या कुणी जुळवून आणलेला रंग ते स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत, मग तो मालकाचा मुलगा का असेना. कारखान्यात त्यांना सगळे 'डोळा' म्हणायचे. "डोळा आला का?" "डोळ्याला विचार." माझ्या बहिणीला हे नाव मुळीच आवडत नसे. दाजींना मात्र मनातून आवडायचं, हे मी सांगतो.

मी त्यांचा मेव्हणा. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेची मीटरं वाचली, लग्नाच्या भानगडीत पडलो नाही आणि म्हातारपणी बहिणीच्या घरी येऊन राहिलो. मी आलो आणि बहीण गेली. मग घरात आम्ही दोघेच उरलो, दोन म्हातारे, ज्यांना एकमेकांशी काय बोलावं हे तिनेच आजवर ठरवून दिलं होतं.

ती गेल्यावर दाजी खचले. रडले वगैरे नाहीत. नुसते उठेनासे झाले. सकाळी डोळे उघडे असायचे, पण माणूस पलंगावरच. चहा नेऊन ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर विचारायचे नाहीत. त्यांची मुलगी, माझी भाची, वरच्याच मजल्यावर नवऱ्याबरोबर राहते. ती कामावर जाताना डोकावायची, येताना डोकावायची आणि दोन्ही वेळा मला दारात थांबवून हळूच विचारायची, "मामा, आज उठले का?" मी नकारार्थी मान हलवायचो. मग ती तशीच निघून जायची.

तिनेच आम्हाला एकदा कोपऱ्यावरच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या व्याख्यानाला ढकललं. वक्ता जेमतेम तिशीतला होता. निवृत्तीनंतरचा आनंद हा त्याचा विषय. छंद जोपासा, मित्र जोडा, रोज काहीतरी नवं शिका, मन गुंतवा, असं तो हसतमुखाने सांगत होता. मला त्याचे कान उपटावेसे वाटत होते. मन काय दावणीचं जनावर आहे, दिसला खुंटा की गुंतवलं? बाहेर आल्यावर मी दाजींना विचारलं, "कसं वाटलं?" ते म्हणाले, "त्याचा सदरा आणि बटणाचा दोरा जुळत नव्हता." सबंध आठवड्यात ते बोललेलं एवढं एकच वाक्य. आता मला वाटतं, ठिणगी तिथेच पडली असावी.

कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीचं कपाट उघडलं. तिच्या तपकिरी शालीला कसर लागून भोक पडलं होतं. कारखाना सोडताना दाजींनी नमुन्याची रिळं खोके भरून घरी आणली होती. ती माळ्यावर धूळ खात पडली होती, ती त्यांनी मला काढायला लावली आणि रंगवार कप्प्यांत नव्याने लावली. खिडकीशी खुर्ची ओढली आणि रफू करायला बसले. लहानपणी त्यांच्या आईने शिकवलेलं, तेवढ्या भांडवलावर. दुपारपर्यंत मान वर केली नाही. मग शाल माझ्यापुढे धरून म्हणाले, "सांग, कुठे होतं भोक?"

भोक कुठे होतं ते दारातूनही दिसत होतं. तपकिरी शालीवर जांभळा डाग. भाची तेवढ्यात आली होती, ती माझ्यामागेच उभी होती. मी "अहो दाजी" म्हणून तोंड उघडलं आणि तिने माझा दंड असा दाबला की शब्द घशातच राहिला.

"कळतसुद्धा नाही, बाबा," ती म्हणाली.

दाजी हसले. मग त्यांनी स्वतःहून चहा मागितला आणि चहा पिता पिता म्हणाले, "उद्या तिचा करडा स्वेटर घेतो." उद्या हा शब्द त्या घरात किती तरी दिवसांनी कुणी उच्चारला होता. भाची स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ, पण मी काही बहिरा नाही.

तेव्हापासून दाजी माणसात आले. सकाळी माझ्याआधी उठायचे, दाढी करायचे, शिट्टी वाजवत खिडकीशी बसायचे. बहिणीचे कपडे संपले तसे भाचीने शेजाऱ्यांकडे शब्द टाकला. तळमजल्यावर गणिताच्या निवृत्त बाई राहतात, जिभेने तिखट आणि मनाने त्याहून तिखट, असं मी समजत होतो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पांढरा स्वेटर आणून दिला. समोरचा कॅशियर काळी पँट घेऊन आला. मग जिन्यावरून गाठोडी यायला लागली. प्रत्येक जण आपला कपडा न्यायला यायचा, प्रकाशात धरायचा आणि म्हणायचा, "वा! कुठे होतं तेच सापडत नाही." पांढऱ्या स्वेटरवर पिवळं रफू. काळ्या पँटवर निळं. दाजी प्रत्येकाला समजावून सांगायचे की काळे किती प्रकारचे असतात आणि या पँटीचा काळा कोणता. कॅशियरने मान डोलावली. बाहेर पडला आणि पँट काखोटीला मारून, खाली मान घालून घरी गेला. ती पँट त्याने पुन्हा कधी घातली नाही. बाई मात्र तो स्वेटर घालून बाजारात जायच्या. कुणी हसलंच तर असं बघायच्या की हसणाऱ्याला शाळा आठवावी.

मला हे पटत नव्हतं. मी भाचीला तसं सांगितलंही. ज्या माणसाने उभा जन्म "चालून जाईल" म्हटलं नाही, त्याला सगळ्या इमारतीने मिळून चालवून घ्यायचं, ही कसली माया? ती म्हणाली, "मामा, ते सकाळी उठतात." मी गप्प बसलो, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा गप्प बसेन. पण गप्प बसणं मला जड जायचं, त्यामुळे मी भलत्याच गोष्टींवरून चिडायचो. दूध उतू गेलं, वर्तमानपत्राची घडी मोडली, असल्या गोष्टींवरून.

मग सुईत दोरा जाईना. दाजी तास न् तास ओवत बसायचे. बोटांना टोचून घ्यायचे. जिन्यात एकदा पायरी चुकली आणि कठड्याला धरून वाचले. एके दिवशी स्वतःच म्हणाले, "डोळे दाखवून घेतो. मोतीबिंदू असेल. काढून टाकला तर आणखी बारीक काम जमेल."

भाचीने सबबी सांगायला सुरुवात केली. थंडी संपू द्या, एवढी काय घाई आहे, या वयात चिरफाड कशाला. दाजींनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर." जाण्याच्या आदल्या दिवशी ती मला जिन्यात गाठून म्हणाली की दिसायला लागलं तर ते परत झोपतील आणि या वेळी उठायचे नाहीत. भीती मलाही तीच होती. पण मी तिला म्हटलं, "मग काय, बापाला आंधळा ठेवून खूश ठेवणार आहेस?"

डॉक्टर बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, मोतीबिंदू चांगलाच पिकून तपकिरी झालाय. इतकी वर्षं तुम्ही जग चहातून बघताय. हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं होतं त्याला पत्ताच लागत नाही. दाजी हसले. त्यांना वाटलं, बाई सगळ्यांनाच असं सांगत असतील.

आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली तेव्हा मी शेजारीच स्टुलावर बसलो होतो. दाजी उशीकडे बघत होते. त्यांनी नवा डोळा हाताने झाकला आणि जुन्याने उशी पाहिली. मग जुना झाकला आणि नव्याने पाहिली. मग पुन्हा. असं ते किती वेळ करत होते कोण जाणे. नर्सला वाटलं, गंमत वाटतेय. मला कळून चुकलं होतं, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

टॅक्सीतही ते आळीपाळीने एकेक डोळा झाकत होते. घरी आल्यावर चपला न काढता खोक्यापाशी गेले. तपकिरीच्या कप्प्यात जांभळी रिळं होती, पांढऱ्यात पिवळी, काळ्यात निळी आणि गडद हिरवी. बसवली होती मात्र ओळीने, एकाचं डोकं दुसऱ्याच्या वर नाही. त्यांनी सगळी रिळं जमिनीवर ओतली आणि पुन्हा लावायला बसले. मी जेवायला हाक मारली, आले नाहीत. सगळं लावून झाल्यावर बहिणीची शाल काढली, मांडीवर पसरली आणि त्या जांभळ्या डागावर तळहात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, आजवर केलेले सगळे कपडे परत आणा, मला ते उसवून नीट करायचे आहेत. भाचीने आधीच घरोघर सांगून ठेवलं होतं, देऊ नका म्हणून. कुणी म्हणालं, गावी पाठवला. कुणी म्हणालं, गरजूला देऊन टाकला. कॅशियरने दारच उघडलं नाही. एकट्या बाई जिना चढून आल्या, अंगावरचा स्वेटर काढून दाजींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "करा नीट. मला पिवळा कधीच आवडला नाही." मला वाटलं, जगात एक तरी शहाणं माणूस आहे.

दाजी खिडकीशी बसून पिवळे टाके उसवायला लागले. भाची तिथेच होती. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. टाके निघाले, खालचं भोक मोकळं झालं. दाजींनी स्वेटर उजेडात धरला. नव्या डोळ्याजवळ आणला. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हा फाटलेला नाही," ते म्हणाले. "फाटलं की वीण ओघळते, धागे लोंबतात. ही कड सरळ आहे. हा कापलाय."

त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

"कुणी कापला?"

"मी, बाबा," भाची म्हणाली. "बाईंना विचारून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लोकांकडे फाटून फाटून फाटणार किती? बहिणीचे कपडे संपले तेव्हा इमारतीत फाटकं असं फारसं निघालंच नाही. दाजी रिकाम्या खिडकीशी बसून "आज काही आलं नाही का?" विचारायला लागले, तेव्हा भाचीने स्वतःच्या ब्लाउजला कात्री लावली. मग शेजाऱ्यांना सांगितलं. ते चांगले, धडधाकट कपडे काढून देत होते आणि ही वरच्या मजल्यावर बसून त्यांना भोकं पाडत होती. हे मलाही ठाऊक नव्हतं. राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना. असल्या लोकांवर काय रागवायचं? ज्यांनी एका म्हाताऱ्याला उठवायला आपले घालायचे कपडे कापले, त्यांना काय शिव्या द्यायच्या?

दाजी माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"रंगाचं माहीत होतं. कात्रीचं नव्हतं."

"एक तरी जुळला होता का?"

भाची माझ्याकडे बघत होती. मला ते दिसत होतं. पण त्या माणसाला आणखी एकदा चालवून घेणं माझ्याच्याने होईना.

"नाही दाजी. एकही नाही."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी बाईंचा स्वेटर पूर्ण केला. पांढऱ्यावर पांढरा, अगदी त्याच जातीचा पांढरा, आणि या वेळी खरोखरच जागा सापडेना. बाई तो हातात घेऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, कारण बोलायचे सगळे शब्द आधीच वापरून झाले होते. त्या गेल्यावर दाजींनी खोक्याला झाकण लावलं आणि पलंगावर जाऊन पडले.

पुढचे दिवस मला आठवायलाही नकोसे वाटतात. भाची दारात यायची, पण आत यायची नाही. तिला बापाच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. लोक खरंच फाटलेलं घेऊन यायचे. कॅशियरचा कोट सायकलच्या साखळीत सापडून उभा फाटला, तो बिचारा धावत आला. दाजी उठून बसले, कड उजेडात धरली आणि कोट परत दिला. "हा मुद्दाम फाडलाय." तो शपथा घ्यायला लागला. दाजी हात जोडून म्हणाले, "तुमचे उपकार आहेत. आता पुरे." त्यानंतर जिन्यावरून कुणी आलं नाही.

दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. आता जग स्वच्छ दिसत होतं आणि बघायला काही नव्हतं.

मग एकदा सकाळी दाजी न सांगता बाहेर गेले. मी घाबरलो, भाचीला कळवावं की नको या विचारात गॅलरीत उभा राहिलो. दुपारी ते काखेत गाठोडं मारून परत आले. आमची वस्ती ओलांडून, मोठ्या रस्त्यापलीकडे एक लाँड्री आहे. तिथे आम्हाला कुत्रं ओळखत नाही. तिथे जाऊन ते मालकाला म्हणाले होते की मला रफू येतं, एक कपडा देऊन बघा. आपण कोण, कुठले, काही सांगितलं नव्हतं. मालकाने नाव विचारलं तर म्हणाले, "नावाचं काय करता, काम बघा."

ते काम करायला लागले. लाँड्रीवाल्याच्या गिऱ्हाइकांचे कपडे आणायचे, खिडकीशी बसायचं, नेऊन द्यायचे. शिट्टी नाही, गप्पा नाहीत, काळ्याचे प्रकार कुणाला समजावणं नाही. पण उठायचे. एकदा मात्र संध्याकाळी आले ते हसतच. एका गिऱ्हाइकाने दुकानात भांडण काढलं होतं. म्हणे, माझा कोट जळका होता, हा कोट तुम्ही बदललाय, माझा मला परत द्या. लाँड्रीवाला समजावून थकला. अखेर दाजींनी अस्तर उलटून आतून टाके दाखवले तेव्हा तो गप्प झाला. "शिव्या देत होता रे मला," दाजी म्हणाले, "चोर म्हणाला." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बहिणीच्या माघारी पाहिला नव्हता. मी वर जाऊन भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मला नाही कधी असं हसून दाखवलं." मी तिला समजावलं, की येतील ते जवळ, वेळ लागेल. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

यंदाच्या थंडीत माझा ओव्हरकोट दाराच्या खिळ्याला अडकून फाटला, खिशापासून खाली. मी तो दाजींपुढे धरला. त्यांनी हातही लावला नाही. "दुकानात दे," म्हणाले. मला राग आला. एका घरात राहायचं, एका किटलीतला चहा प्यायचा आणि दुकानात दे? मग मीही हट्टाला पेटलो. मोठा रस्ता ओलांडून गेलो आणि लाँड्रीच्या काउंटरवर परक्या माणसासारखा कोट टाकून आलो.

दोन दिवसांनी दाजी गाठोडं घेऊन आले. खिडकीशी बसले. मी वर्तमानपत्राआडून बघत होतो. एक शर्ट निघाला, एक शाल निघाली, मग माझा कोट. त्यांनी तो उलगडला. तसले कोट शहरात शेकड्यांनी असतील, पण त्यांच्या डोळ्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी फाटलेली कड उजेडात धरली. जवळ आणली, लांब नेली. धाग्यांची टोकं बोटाने वर केली. त्या कडेला काय दिसतंय ते मलाही दिसत होतं. वेडीवाकडी, ओघळलेली, जशी खिळ्याने फाटते तशी.

मग त्यांनी कोटाची नीट घडी केली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"हा ओळखीचा आहे," ते म्हणाले.

"दाजी, खरंच फाटलाय. दारच्या खिळ्याला. तुमची शपथ."

"असेल रे." ते उभेच होते. "मला आता सगळं दिसतं. बारीकात बारीक दिसतं. पण तुमच्यातलं कुणाचं काय खरं, ते नाही कळत."

ते जाऊन परत खिडकीशी बसले. गाठोड्यातून कुणाचं तरी काळं जाकीट काढलं, रिळांवरून नजर फिरवली, एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला. मी तो फाटका कोट अंगात घातला आणि दूध आणायला खाली गेलो.